शंभरावर थांबवलेली रेघ

माझी नणंद तुळसा सासरहून परत आली ती ऐंशी सालच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, एकटी. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं. हातात एक कापडी पिशवी, पिशवीत दोन पातळं आणि एका पुस्तकाची अठरा पानं. पुस्तक नव्हे, पानंच. मी विहिरीवरून पाण्याचा गुंड, म्हणजे घडा, भरून आणत होते. तिने तो माझ्या कमरेवरून उतरवून घेतला, ओंजळीने पोटभर पाणी प्याली आणि म्हणाली, "वैनी, आता मी इथंच राहीन. कोनी विचारलं तर सांगजो."

मी काय सांगणार? मी स्वतः त्या घरात सून. चौथी शिकलेली, सही करता येते आणि देवाची पोथी बोट ठेवून वाचता येते, एवढीच माझी विद्या. पण तुळसाचं जे झालं ते मी जवळून पाहिलं आहे, आणि आता पाहणारे फार उरले नाहीत, म्हणून लिहिते.

तिचं सासर शहापूरला. सडकेवर किराण्याचं दुकान. सासरे बाबूलाल लग्न ठरवताना म्हणाले होते की पोरगी मॅट्रिकला चांगले मार्क घेऊन पास झाली आहे, आम्ही पुढे शिकवू, आमच्याकडे काय कमी आहे. कमी काहीच नव्हती, फक्त पुड्या बांधायला कागद कमी पडत होता. तुळसाने अकरावी सायन्सचं एक जुनं पुस्तक मैत्रिणीकडून आणून ठेवलं होतं. ते दुकानात कधी गेलं तिला कळलंच नाही. एक दिवस गिऱ्हाईक मोहरीची पुडी घेऊन चाललं होतं आणि पुडीवर तिच्याच हाताने पेन्सिलीने केलेली खूण होती. तिने विचारलं तेव्हा सासरे म्हणाले, पुस्तकानं पोट भरत नाही, पुडीनं भरते. जेवढी पानं उरली होती तेवढी तिने गल्ल्यामागून उचलली आणि सरळ सडकेवर येऊन बसमध्ये बसली.

तिचा नवरा घनश्याम वाईट नव्हता. वाईट असता तर निदान त्याला स्वतःचं काही मत आहे असं तरी वाटलं असतं.

घरी जे व्हायचं ते झालं. सासूबाई गोदावरीबाई रडल्या. माझे मालक, म्हणजे तुळसाचे मोठे भाऊ खुशालराव, दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले की मी पोचवून देतो, तयारी कर. तुळसा तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं नाही की आवाज चढवला नाही. म्हणाली, "मी नाई जात, दादा. मले अकरावीत बसाचं आहे." ते ओरडले, गाव काय म्हणेल ते सांगितलं, वारलेल्या बापाचं नाव काढलं. ती निवडत राहिली. शेवटी लेकीसाठी सासूबाईंनीच जेवण सोडलं. आई उपाशी म्हटल्यावर यांचा जीव राहीना. जून महिन्यात यांनी फॉर्म भरला, तोंड वाकडं करूनच, पण भरला.

कॉलेज होतं लाखनीच्या बाजूला, सडकेवरच्या एका गावात. नाव लिहीत नाही, ज्या सरांची गोष्ट पुढे येते त्यांची नातवंडं आता तिथे शिकतात. आमच्या गावापासून सडकेपर्यंत अर्धा कोस पायी, मग एसटी. वर्गात सगळी सोळा-सतराची मुलं, तीन मुली, आणि त्यांच्यात ही पातळ नेसलेली, गळ्यात मंगळसूत्र घातलेली एकोणीस वर्षांची. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून हाक आली, "काकू." तुळसाने मागे वळून म्हटलं की काकू म्हणायचं तर म्हणा, पण मग काकूला जागा द्या, सरकून बसा. नाव चिकटलं ते चिकटलंच. पण जागा मिळाली.

श्रावण लागताच बाबूलाल आमच्याकडे आले. बैठकीत बसले, चहा घेतला, धानाचं विचारलं आणि मग म्हणाले की गावात आम्हाला तोंड दाखवता येत नाही, सुनेला पाठवा. खुशालराव मधल्या मध्ये सापडले. एकीकडे व्याही, दुसरीकडे उपाशी बसू शकणारी आई. त्यांनी शब्द दिला. सहामाही परीक्षेत एका जरी विषयात नापास झाली तर पौष लागायच्या आधी मी स्वतः आणून सोडीन. पौषात आमच्याकडे सून सासरी नेत नाहीत, म्हणून आधी. पास झाली तर शिकू द्या. बाबूलाल हसून हो म्हणाले. त्यांना वाटलं, सव्वा वर्ष मोहरी-जिरं मोजलेली पोरगी सायन्समध्ये किती टिकणार.

मी दाराआड उभी होते. तुळसा माझ्या शेजारी. तिला कोणी काही विचारलं नाही.

आता ती टिकणार की नाही हे एका विषयावर येऊन ठेपलं, आणि तो म्हणजे रसायनशास्त्र. शिकवायला एक सर, त्यांना कापगते म्हणू. नवीन नोकरी, तिशीच्या आतले, कोपरापर्यंत खडूने पांढरे. पुस्तक इंग्रजी, पण सर मराठीत समजावायचे आणि पेपरही मराठीत काढायचे. समजावायचे म्हणजे काय, फळ्यावर लिहायचे आणि दोनदा वाचून दाखवायचे. तिसऱ्यांदा विचारलं तर चिडायचे.

ऑगस्टात त्यांनी तो आलेखाचा धडा घेतला. विद्राव्यतेचा वक्र म्हणतात त्याला. हा शब्द मी तेव्हा शिकले आणि आजही न अडखळता म्हणते, माझी नातसून हसते तरी. गोष्ट साधी आहे. चौकटीचा कागद घ्यायचा. खाली आडवे आकडे, पाणी किती गरम आहे त्याचे. बाजूला उभे आकडे, शंभर ग्रॅम पाण्यात ते द्रव्य जास्तीत जास्त किती ग्रॅम विरघळतं त्याचे. ठिपके द्यायचे आणि जोडायचे. मिठाची रेघ आडवीच पडून राहते. पाणी थंड असो की उकळतं, छत्तीसच्या आसपास, फार तर एकोणचाळीस. सोऱ्याची, म्हणजे फटाक्यांच्या दारूत घालतात त्या क्षाराची, रेघ मात्र उठते. वीस अंशाला बत्तीस, चाळीसला चौसष्ट, साठला एकशे दहा.

सगळ्या वर्गाने फळ्यावरची रेघ उतरवून घेतली. तुळसाची पेन्सिल शंभरावर येऊन थांबली.

सर बाकांमधून फिरत होते. तिची अर्धी रेघ पाहून म्हणाले की पूर्ण कर. ती उठून उभी राहिली.

"सर, शंभरातून एकशे दहा कशे निघतीन?"

वर्ग हसला. सर म्हणाले की पुस्तकात आहे. तिने म्हटलं की पुस्तकात असेल, पण शंभराच्या ढिगात एकशे दहा मावतच नाहीत. सर म्हणाले रेघ ओढ नाहीतर वर्गाबाहेर उभी राहा. ती बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तीच रेघ, पुन्हा बाहेर. असे तीन तास ती व्हरांड्यात उभी राहिली. शंभराच्या वर पेन्सिल नेली नाही.

तुम्हाला वाटेल काय हट्टी पोरगी. पण तिचं चुकलं कुठे ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. आमच्या गावात धान कापणाऱ्याला मजुरी धानातच मिळते. विसात एक. वीस पायल्या मोजल्या की त्यातली एक कापणाऱ्याची, उरल्या एकोणीस मालकाच्या. ती एक पायली त्या विसांच्या आतली, वेगळी आणून वर ठेवलेली नव्हे. तुळसा सात वर्षांची असल्यापासून खळ्यावर बापाजवळ बसून पायल्या मोजायची. प्रत्येक पायलीला एक खडा, वीस खडे झाले की एक बाजूला. सात-आठशे पायल्यांत तिची एक चूक कोणी काढली नाही. म्हणून सर म्हणाले "शंभरात छत्तीस" तर तिच्या डोळ्यांपुढे शंभराचा ढीग यायचा, छत्तीस मीठ आणि चौसष्ट पाणी. मिठाची रेघ त्या हिशेबात बसत होती. सोऱ्याची बसेना. आणि जे बसत नाही त्यावर नुसतं सगळे ओढतात म्हणून रेघ ओढायला ती तयार नव्हती. कागद घेऊन ती घरी यायची, त्या तुटक्या रेघेकडे बघत बसायची. सहामाहीत हा धडा नक्की येणार हे सरांनी सांगितलं होतं.

मग पोळा आला. दुसऱ्या दिवशी मुलांच्या तान्ह्या पोळ्यासाठी मी मुरमुऱ्याचे लाडू करत होते. तुळसा पाक ढवळायला बसली. ढवळता ढवळता सहज विचारलं की किती पाण्यात किती गूळ टाकला. मी म्हटलं, वाटीभर पाण्यात तीन वाट्या.

तिचा हात थांबला. "वाटीभरात तीन वाट्या?"

"मग? एवढा वेळ ढवळून राहिली, दिसत नाई का तुले?"

ती कढई सोडून आत गेली, कागद घेऊन चुलीपाशी आली, तिथेच मांडी घालून बसली आणि शंभरावर थांबलेल्या ठिकाणापासून पुढे एका दमात रेघ ओढून टाकली. मग मला सांगू लागली. पाणी वेगळं मोजायचं वैनी, पाणी शंभरचं शंभर राहते. त्याच्या वरून मीठ. छत्तीस मीठ टाकलं तर सगळं मिळून एकशे छत्तीस. सोरा एकशे दहा टाकला तर दोनशे दहा. ढिगातून काढायचं नाही, ढिगावर टाकायचं. मी हो हो म्हणत होते आणि माझा पाक पुढे जात होता. त्या साली आमच्या घरचे लाडू पोरांनी खाल्ले नाहीत, गोट्यांसारखे खेळले.

दुसऱ्या दिवशी ती सरांकडे गेली. कागद दाखवला. म्हणाली की माझं चुकलं होतं, असं असं समजत होते. सर म्हणाले, ठीक आहे, बस. ती बसली नाही. "पन सर, पानी वेगळं मोजाचं हे एकडाव सांगितलं असतं, तर मी तीन तास बाहेर नसती उभी राहिली." सरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. हे पाहणं पुढे महागात पडणार असं मला तिने सांगितलं तेव्हाच वाटलं.

त्यानंतर तिला त्या आलेखाचा नादच लागला. दुपारी कामं आटोपली की ओसरीत कागद पसरायची आणि मला समोर बसवायची. खराट्याच्या दोन काड्या आणायची. एक काडी उभी, खालच्या आकड्यावरून वर रेघेपर्यंत. तिथून दुसरी काडी आडवी, बाजूच्या आकड्यापर्यंत. "वैनी, पन्नास अंशाला सोरा किती?" मी काड्या जुळवायची, डोळे बारीक करायची आणि सांगायची, पंच्याऐंशी. आलं. मला फार मजा वाटायची. चौथीनंतर मला कोणी प्रश्नच विचारला नव्हता, भाजीत मीठ किती टाकलं याशिवाय. सासूबाई एकदा आत येताना म्हणाल्या की दोघी नणंद-भावजया काड्या जुळवून कोणावर करणी करून राहिल्या.

दिवाळीच्या आधी सहामाही झाली. सुट्टीनंतर महिन्याने पेपर मिळाले. बाकी सगळ्या विषयांत पास, रसायनशास्त्रात शंभरातून बत्तीस. पस्तीसला पास.

तुळसाने पेपर माझ्या हातात दिला तेव्हा तिचं तोंड उतरलेलं नव्हतं, तापलेलं होतं. पाच मार्कांच्या एका प्रश्नाला शून्य होतं. प्रश्न तिने मला वाचून दाखवला. वीस अंशाला संपृक्त केलेल्या शंभर ग्रॅम द्रावणात मीठ किती? आलेखावरून काढा. सगळ्या वर्गाने लिहिलं होतं छत्तीस, आणि सगळ्यांना पाच. तुळसाने लिहिलं होतं साडेसव्वीस. खाली सरांचा लाल शेरा, आलेख वाचता येत नाही.

"द्रावन म्हनजे पानी नाई, वैनी," ती म्हणाली. "द्रावन म्हनजे मीठ आणि पानी दोन्ही मिळून. शंभराच्या आतच मीठ आलं. इथं आपला खळ्याचा हिशेब लागते. सर इचारतात ढिगाचं आणि उत्तर घेतात पान्याचं."

मी दोनदा विचारून समजून घेतलं. एकशे छत्तीस ग्रॅमच्या ढिगात छत्तीस मीठ, तर शंभर ग्रॅमच्या ढिगात त्याहून कमीच असणार. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला आजही समजत नाही. सरांच्या मनात पाणी होतं, हाताने द्रावण लिहिलं गेलं, आणि पेपर तपासताना त्यांनी आपलाच प्रश्न वाचला नाही.

नापास मुलांच्या पालकांनी येऊन सही करायची होती. खुशालराव म्हणाले मी येत नाही, आता मला शब्द पाळायचा आहे, पौष लागायला आठ दिवस आहेत. मग मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजात गेले. सरांनी विचारलं, "आई का?" म्हटलं, वैनी. त्यांनी खुर्ची दिली. तुळसा उभी.

तिने पेपर पुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. शांतपणे सांगितलं, पण खाली पाहून नाही. सर ऐकत होते. मला वाटतं त्यांना पहिल्या दोन वाक्यांतच कळलं होतं. माणसाला कळलं की तो चष्मा पुसतो. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले की तिची घरची परिस्थिती मला माहीत आहे, उगाच वाद नको, मी तीन मार्क ग्रेस देतो. पस्तीस होतील. विषय संपला.

मी असते तर दोन्ही हातांनी घेतले असते. खोटं कशाला लिहू. मी उठायलाही लागले होते.

तुळसा म्हणाली, "ग्रेस नको, सर."

सरांना वाटलं तिला तीन कमी वाटतात. म्हणाले, पाच देतो.

"फुकटचे पाच बी नको. बरोबर आहे म्हनून देत असान तर द्या. नाईतर शून्य राहू द्या."

"शून्य राहिलं तर काय होईल ठाऊक आहे न तुला?"

"ठाऊक आहे. तुमी मीठ वजन करा. शंभर ग्रॅम द्रावन घ्या, पानी आटवा, मागं छत्तीस उरलं तर मी उद्याच शहापूरले जातो."

सर माझ्याकडे वळले. म्हणाले, तुम्ही तरी समजवा हिला. समजा ती चुकली असेल तर? खराट्याच्या काड्यांवर शिकलेलं ते किती पक्कं असणार? पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्याही तोंडातून निघून गेलं, "हिले समजवून तिची सासू थकली सर, मी कोन? तुमी वजनच करा."

प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली. मधल्या सुट्टीची वेळ, म्हणता म्हणता सगळा वर्ग दारात. शिपाई नत्थू आमच्याच बाजूचा. त्याने आपला चहाचा स्टोव्ह आणून दिला, वर म्हणाला की चहा नंतर होईल. सरांनी भांडंभर पाण्यात मीठ टाकून ढवळलं, तळाशी विरघळेना असं मीठ राहीपर्यंत. डिसेंबरची थंडी, पाणी वीस अंशाच्या जवळच होतं, ते सरांनी काचेची नळी बुडवून पाहिलं. मग कागदातून गाळलं. काचेच्या पेटीतला तराजू होता. आधी चिनीमातीची रिकामी वाटी तोलली, चौऱ्याऐंशी ग्रॅम. तिच्यात शंभर ग्रॅम द्रावण. सगळं फळ्यावर लिहिलं. वाटी स्टोव्हवर.

पाणी आटायला किती वेळ लागतो हे बायकांना ठाऊक असतं, त्या मुलांना नव्हतं. पंधरा मिनिटांत मुलं कंटाळली, पण हलली कोणी नाही. तुळसा स्टोव्हपाशी उभी होती, हाताची घडी घालून. ती बसावी म्हणून मी खूण केली, बसली नाही. पाणी अर्धं झालं, मग चतुर्थांश, मग कडेला पांढरं धरू लागलं. मीठ कोरडं व्हायला लागलं तसं तडतडायला लागलं. दोन-चार दाणे बाहेर उडाले. मागून एक जण म्हणाला, "काकू, उडाले ते दहा ग्रॅम."

"मंग झाकन ठेवा न," ती म्हणाली.

झाकण सरांनी स्वतः ठेवलं. मला ते आवडलं. त्यांची मान खाली होती, पण हात प्रामाणिक होता. मुद्दाम उडू दिलं असतं तरी कोणाला कळलं नसतं, उलट उडालं ते जास्तच होतं असं म्हणता आलं असतं.

वाटी थंड होऊ दिली. तराजूत ठेवली. सर वजनं टाकत होते, काढत होते. काटा मध्ये आला. एकशे दहा आणि वर थोडं. चौऱ्याऐंशी वजा केले. सव्वीस आणि थोडं.

सरांनी फळ्यावर सव्वीस लिहिलं, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग वर्गाकडे वळून म्हणाले की प्रश्न मी नीट वाचला नव्हता, उत्तर साडेसव्वीसच्या आसपास बरोबर आहे, छत्तीस चूक आहे. खिशातून लाल पेन काढलं, तुळसाच्या पेपरवरचं शून्य खोडून पाच केलं. बत्तीसाचे सदतीस. आलेख वाचता येत नाही हा शेराही खोडला. ते तिने सांगितलं नव्हतं.

आणि मग ज्यांनी ज्यांनी छत्तीस लिहिलं होतं त्यांचे पाच पाच मार्क कापले. त्यात सात मुलं नापास झाली. बसथांब्यावर त्यांनी आम्हाला गाठलं. एक म्हणाला, काकू, आमाले बुडवलं तुमीन.

"मी नाई बुडवलं बापू," तुळसा म्हणाली. "मिठानं बुडवलं. त्याले जाब विचारा."

पुढे ती बारावी झाली, एकदा इंग्रजीत आपटून. डॉक्टर वगैरे काही झाली नाही. सरकारी दवाखान्यात रक्ताच्या काचा तपासायची नोकरी लागली, मलेरिया आहे की नाही ते सूक्ष्मदर्शकातून पाहायची. एकतीस वर्षं पाहिलं. साहेब घाईत असला तरी काच पूर्ण पाहिल्याशिवाय सही करायची नाही म्हणून तीनदा बदली झाली. चौऱ्याऐंशी साली पंचांसमोर सोडचिठ्ठी झाली, घनश्यामने दुसरं लग्न केलं, आणि त्याची मोठी मुलगी पुढे हिच्याकडेच राहून शिकली, तो एक वेगळाच किस्सा आहे.

पण त्या डिसेंबरात यातलं कोणाला काय ठाऊक. पौष लागायला दोन दिवस राहिले होते. बाबूलाल आणि घनश्याम सकाळच्या बसने आले. सुनेला न्यायचं म्हणून नवीन पातळही आणलं होतं, कारण त्यांच्या कानावर बत्तीस मार्क गेले होते, सदतीस गेले नव्हते. खुशालरावांनी पेपर पुढे केला. बाबूलालांनी तो उलटा-सुलटा पाहिला. म्हणाले, हे तर खोडाखोड केलेलं आहे. सरांची सही दाखवली. मग म्हणाले की पस्तीसवर दोन, याला काय पास म्हणतात का खुशालभाऊ, आमच्या दुकानातला पोऱ्याही एवढे घेईल.

मला वाटलं आता हे विरघळणार. माझ्या मालकांना व्याह्यासमोर नाही म्हणता येत नाही, मला ठाऊक आहे. ते पेपरकडे पाहत राहिले, खाकरले. तेवढ्यात तुळसा दाराआडून बाहेर आली. डोक्यावर पदर होता. सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. मग त्यांच्याशी न बोलता नवऱ्याकडे वळून म्हणाली,

"मी नाई येत. तुमाले नेयाचं होतं तर तवा दुकानात बोलायचं होतं. आता कायले आले?"

घनश्यामने बापाकडे पाहिलं. बाबूलाल म्हणाले, मोठ्यांसमोर असं बोलतात का? ती म्हणाली, "मामाजी, मोठ्यांनी माझ्यासाठी शब्द देले, मोठ्यांनीच मोडले. मले बोलायले आता जागा कुठं ठेवली?" आणि आत जाऊन तिने त्यांच्यासाठी चहा ठेवला. ते तेवढं तिचं मला नेहमी आवडत आलं. बाबूलालांनी चहा घेतला नाही. घनश्यामने घेतला. नवीन पातळ ते परत घेऊन गेले.

दुपारभर खुशालराव ओसरीत बसून होते. संध्याकाळी जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि ताटाकडे पाहतच विचारलं, "नापास झाली असती तर गेली असती न?"

तुळसा वाढत होती. "नाई, दादा."

"आन् मी देलेला शब्द?"

"तो तुमचा होता. मले कोनी विचारलं होतं?"

"मंग हे मार्कासाठी एवढं कायले केलं? सरसंग भांडली, ग्रेस देत होते तो नाई घेतला..."

"मार्क बरोबर होते म्हनून."

सासूबाई माझ्याकडे पाहायला लागल्या, मी त्यांच्याकडे. यांनी अजून एक पोळी मागितली, ती तुळसानेच वाढली. जेवण आटोपून हात धुतले आणि झोपायला गेले.

सकाळी कॉलेजची वेळ झाली तरी ती अजून वेणी घालत होती. हे अंगणात बैलांना चारा टाकत होते. तिथूनच, मान न वळवता, जरा मोठ्यानेच म्हणाले, "तुळसा, गाडीचा टाइम होऊन राहिला."